दांडा कडक, तरी गाडी सरकते : हँडब्रेकचे निदान आणि दुरुस्ती

खरीप सर्वेक्षण आटोपत आले की संशोधन केंद्राच्या आवारात जीप आणि पिकअप गाड्या दुरुस्तीच्या रांगेत उभ्या राहतात. नोंदवहीत क्लच, टायर, बॅटरी यांच्या तक्रारी आढळतात. हँडब्रेकची तक्रार मात्र क्वचितच दिसते. याचा अर्थ हँडब्रेक उत्तम स्थितीत असतात असा नाही. चालकांनी त्यावाचून काम भागवण्याची सवय लावून घेतलेली असते. चाकाखाली दगड ठेवणे, गाडी गिअरमध्ये सोडणे, उतार टाळून सपाट जागा शोधणे हे उपाय इतके अंगवळणी पडतात की दोष हा दोषच वाटेनासा होतो. कापूस, तूर आणि मिरचीच्या शिवारांतून अशाच वाहनांनी वर्षानुवर्षे हिंडताना मीही त्याकडे लक्ष दिले नव्हते. ते द्यावे लागले गेल्या ऑक्टोबरमध्ये, आणि तेही शेतापासून दूर, चेन्नईतील नुंगंबाक्कम भागात एका तळघराच्या उतारावर.

नुंगंबाक्कममधील उतार

कृषी क्षेत्रातील वाचकांना नुंगंबाक्कम हे नाव अपरिचित नसावे. हवामान खात्याचे प्रादेशिक केंद्र तेथे आहे आणि चेन्नईच्या पावसाचे जे आकडे वृत्तपत्रांत येतात, त्यांत तेथील वेधशाळेची नोंद असतेच. टॅफे या ट्रॅक्टर उत्पादक कंपनीचे मुख्यालयही याच भागात आहे. आम्हा कीटकशास्त्रज्ञांना हा भाग ठाऊक असतो तो लॉयोला महाविद्यालयातील कीटकशास्त्र संशोधन संस्थेमुळे. प्रा. टी. एन. अनंतकृष्णन यांनी १९६३ मध्ये ती स्थापन केली. भारतात फुलकिड्यांच्या अभ्यासाला जे स्थान मिळाले, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. मिरचीवरील फुलकिड्यांच्या कामानिमित्तच मी चेन्नईस गेलो होतो आणि मुक्काम नुंगंबाक्कममध्ये मावसभावाकडे होता.

त्याची गाडी दहा वर्षांची, लहान, मागील चाकांना ड्रम ब्रेक असलेली. ईशान्य मोसमी पावसाची पहिली सर येऊन गेली होती. तळघरातून बाहेर पडताना उताराच्या मध्यावर, फाटक उघडण्याची वाट पाहत, त्याने गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केले आणि विसरलेली छत्री आणण्यासाठी तो उतरला. मावशी मागच्या आसनावर बसल्या होत्या. मी पुढचे दार उघडून आत बसलो आणि गाडी मागे सरकू लागली. सरकण्याचा वेग प्रथम इतका मंद होता की काही क्षण समोरची भिंतच हलते आहे असे वाटले. मी दांडा आणखी वर ओढण्याचा प्रयत्न केला. तो जागचा हलला नाही. पाच-सहा मीटर मागे, काहीशी वाकडी होत, गाडी तळघराच्या खांबाला टेकली. मागचा दिवा फुटला, बंपर चेपला, मावशींच्या मानेला हिसका बसला. इमारतीचा रखवालदार त्याच खांबाजवळून क्षणापूर्वीच फाटकाकडे गेला होता.

मावसभावाचे पहिले वाक्य होते, "अरे, पण हँडब्रेक तर गेल्याच महिन्यात आवळून घेतला होता!" त्याने सांगितले ते खरे होते. दांडा फार वर येतो अशी तक्रार त्याने एका गॅरेजमध्ये केली होती. तेथे दहा मिनिटांत केबलचा नट फिरवून दांडा चार खटक्यांवर आणून दिला होता. तेव्हापासून दांडा हाताला चांगला कडक लागत असे, आणि त्या कडकपणावर त्याचा विश्वास बसला होता.

उतारावरील चिखलाच्या पातळ थरावर घसरलेल्या टायरची एकच रेघ उमटली होती. ती डाव्या चाकाची होती. उजव्या चाकाचा माग स्वच्छ, नक्षीसह छापल्यासारखा होता. म्हणजे ते चाक सुखाने फिरत खाली आले होते. कीडग्रस्त पानावरील खाण्याच्या खुणा पाहून कीड ओळखण्याची ज्याला सवय आहे, त्याला या दोन खुणांतून निष्कर्ष काढणे अवघड नव्हते. दांड्याला जाणवणारा सारा ताण डाव्या चाकाचा आणि कोठेतरी अडकलेल्या केबलचा होता. उजव्या चाकाला ब्रेक नव्हताच.

उतार किती ओढतो

वाहनाच्या वजनाचा किती भाग त्याला खाली ओढतो, हे उताराच्या प्रमाणावरून सहज काढता येते. आठ मीटर लांबीत एक मीटर चढ असेल, तर वजनाचा जवळपास आठवा हिस्सा उताराच्या दिशेने कार्य करतो. हजार किलोच्या गाडीवर ही ओढ सुमारे १२५ किलो वजनाइतकी होते. टायरच्या स्वतःच्या विरोधामुळे त्यातील दहा-पंधरा किलो वजा जातात. उरलेला भार हँडब्रेकने पेलायचा असतो. दोन माणसे गाडीत बसली की ही ओढ पंधरा-वीस किलोंनी वाढते. मी दार उघडून आत बसलो तेव्हाच गाडी का सुटली, याचे उत्तर या साध्या हिशेबात आहे. तोवर डाव्या चाकाने ओल्या जमिनीवर सारा भार कसाबसा धरून ठेवला होता.

ब्रेक पूर्णपणे सुटल्यास अशा उतारावर गाडी चार सेकंदांत आठ ते नऊ मीटर जाते आणि तोवर तिचा वेग ताशी पंधरा किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो. धावत जाऊन दार उघडून ब्रेक दाबण्याचा विचार मनात येईपर्यंत वेळ निघून जाते. सरकत्या गाडीच्या मागे उभे राहून ती अडवण्याचा प्रयत्न तर कोणीही करू नये.

नवीन मोटारींच्या ब्रेकसाठी युरोपात जी नियमावली वापरली जाते, तिच्यानुसार पूर्ण भरलेली मोटार वीस टक्के उतारावर, म्हणजे पाच मीटरांत एक मीटर या प्रमाणावर, तोंड वर असो वा खाली, हँडब्रेकने स्थिर राहिली पाहिजे. आणि त्यासाठी दांड्यावर लावावा लागणारा जोर ४०० न्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण चाळीस किलो वजनापेक्षा, अधिक नसावा. तळघराचा उतार सहसा याहून बराच सौम्य असतो. तेव्हा तेथे न टिकणारा हँडब्रेक थोडासा सैल झाला आहे असे म्हणून भागत नाही. तो निम्म्याहून अधिक निकामी झालेला असतो.

हाताचा जोर चाकापर्यंत कसा पोहोचतो

आसनाजवळचा दांडा ओढला की त्याखालील सळई किंवा एकच केबल पुढे खेचली जाते. ती एका आडव्या पट्टीला जोडलेली असते. कारागीर तिला इक्वलायझर म्हणतात. या पट्टीच्या दोन टोकांपासून दोन केबल मागील दोन चाकांकडे जातात. बैलजोडीचे जू डोळ्यांसमोर आणावे. मधल्या खिळीवर जू फिरते असेल, तर एक बैल पाऊलभर मागे राहिला तरी ओढ दोघांवर वाटली जाते. खिळी गंजून जू ताठ झाले, की पुढे असलेल्या बैलावर सारा भार येतो. इक्वलायझरचे काम तेच आहे. तो मोकळा हलत असेपर्यंत दोन्ही केबलवर सारखा ताण येतो. चिखलाने किंवा गंजाने जखडला की डाव्या-उजव्या चाकांतील लहानसा फरकही मोठा होतो.

चाकाच्या ड्रममध्ये केबलचे टोक एका छोट्या तरफेला अडकवलेले असते. ही तरफ दोन अर्धवर्तुळाकार शू एकमेकांपासून दूर ढकलते आणि शूवरील लायनर ड्रमच्या आतील पृष्ठभागावर घट्ट बसतात. लायनर झिजत जातो तसे शू आणि ड्रम यांतील अंतर वाढते. ते भरून काढण्यासाठी दोन शूंच्या मध्ये दातेरी चक्रीचा ॲडजस्टर असतो. बहुतेक मोटारींत पायाच्या ब्रेकचा वापर होताना किंवा हँडब्रेक ओढताना तो आपोआप एकेक दात पुढे सरकतो.

या ॲडजस्टरची एक अट असते, आणि प्रस्तुत लेखाचा सारा भर तिच्यावर आहे. हँडब्रेक सोडलेला असताना चाकातील तरफ आपल्या मूळ जागी, शूवरील टेकणीला पूर्णपणे टेकलेली असली पाहिजे. लायनर झिजल्यामुळे दांडा वर येऊ लागला आणि आपण चाक न उघडता केवळ केबल आवळली, तर ही तरफ कायमची अर्धवट ओढलेल्या अवस्थेत राहते. तिच्या हालचालीचा काही भाग आधीच खर्च झालेला असतो. आपोआप चालणारा ॲडजस्टर मग नीट काम करीनासा होतो, लायनर झिजत राहतात, अंतर वाढत राहते आणि दांड्यावर मात्र खटके बरोबर दिसतात. पिकावर पिवळेपणा दिसला की कारण न शोधता युरिया टाकण्याचा जो परिणाम होतो, तोच येथे होतो. लक्षण झाकले जाते आणि रोग आत वाढतो.

दांडा कडक लागणे आणि ब्रेक लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गंजलेली केबल आपल्याच आवरणात अडकून हाताला भरपूर विरोध करते. चाकाला मात्र त्याचा पत्ता नसतो.

आधी निदान

सपाट, टणक जागेवर गाडी उभी करावी. इंजिन बंद करून नेहमीच्या जोराने दांडा ओढावा आणि खटके मोजावेत. किती खटके योग्य, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. अनेक मोटारींत ते पाच ते आठच्या दरम्यान असतात. खटके जास्त आणि दांडा मऊ लागत असेल, तर लायनरची झीज किंवा ॲडजस्टरचा बिघाड संभवतो. खटके योग्य असूनही गाडी उतारावर टिकत नसेल, तर लायनरवर तेल आले आहे, ते चकाकून गुळगुळीत झाले आहेत, किंवा एका बाजूची केबल अडकली आहे. खटके फारच कमी आणि दांडा दगडासारखा असेल, तर कोणीतरी आधी केबल आवळली असल्याची शंका घ्यावी. दांडा सोडल्यावर गाडी जड चालते किंवा एक चाक तापते, तेव्हा केबल परत सरकत नाही असे समजावे.

यानंतर पुढील दोन्ही चाकांना पुढून आणि मागून ठोकळे लावून मागील भाग जॅकने उचलावा आणि पोलादी स्टँडवर टेकवावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. या कामात हँडब्रेक सोडलेलाच ठेवावा लागतो, त्यामुळे ठोकळ्यांवरच सारी सुरक्षितता अवलंबून असते. आता एकाने दांडा एकेक खटका ओढावा आणि दुसऱ्याने प्रत्येक खटक्याला दोन्ही चाके हाताने फिरवून पाहावीत. दोन-तीन खटक्यांना दोन्ही चाके घासू लागावीत आणि ठरलेल्या खटक्यांना दोन्ही हाताने फिरेनाशी व्हावीत. कोणते चाक कोणत्या खटक्याला अडते, हे कागदावर लिहून ठेवावे. ही साधी नोंद पुढील सारी चर्चा वाचवते.

मावसभावाच्या गाडीची ही परीक्षा नुंगंबाक्कमच्याच एका गल्लीतील वयस्क कारागिराने केली. त्याला हिंदी बेताचीच येत होती आणि मला तमिळ येत नाही. त्याने तीन खटके ओढले, डावे चाक फिरवून दाखवले. ते अडले होते. मग उजवे फिरवले. ते मोकळे होते. त्याने दांडा पूर्ण वर ओढला आणि उजवे चाक पुन्हा एका बोटाने फिरवले. भाषांतराची गरज पडली नाही.

चाक उघडल्यावर

ड्रम काढण्यापूर्वी केबलचा नट पूर्ण सैल करावा. ड्रम निघत नसेल तर हातोड्याने कडेवर ठोकत बसू नये. बॅक प्लेटवरील छिद्रातून ॲडजस्टर मागे फिरवला की शू आत येतात आणि ड्रम सुटतो. ज्या गाड्यांत ड्रमसोबत बेअरिंगचा नट काढावा लागतो, त्यांचे काम कारागिराकडेच सोपवावे.

ड्रममध्ये साठलेली काळी भुकटी फुंकू नये आणि हवेच्या नळीने उडवूही नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, आणि नसले तरी ती भुकटी फुप्फुसांना घातकच आहे. ओल्या फडक्याने ती टिपून घ्यावी. कीटकनाशके हाताळताना आपण मास्क लावतो. येथेही तो लावावा.

आता पाहायच्या गोष्टी. लायनरची जाडी पुस्तिकेतील मर्यादेखाली गेली असेल, तर दोन्ही चाकांचे शू एकाच वेळी बदलावेत. एकाच बाजूचे बदलल्यास ब्रेक असमान होणार हे ठरलेलेच आहे. लायनर ओलसर, तेलकट असेल तर व्हील सिलिंडर गळतो आहे किंवा आसाचे तेल बाहेर येते आहे. ती गळती थांबवल्याशिवाय नवे शू घालणे व्यर्थ आहे, आणि तेल प्यालेला लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा वापरण्याची जी पद्धत काही ठिकाणी दिसते, ती सोडून द्यावी. लायनर काचेसारखा चकाकत असेल तर तो झिलईखाली दडलेला आहे. बारीक पॉलिश पेपरने ती झिलई ओलसर स्थितीत काढता येते. ड्रमच्या आत खोल चरे किंवा कडेला उंच ओठ तयार झाला असेल, तर ड्रमवरच कोरलेला कमाल व्यास पाहून तो घासून घ्यायचा की बदलायचा हे ठरवावे.

ॲडजस्टरची चक्री बोटाने फिरली पाहिजे. गंजलेली असेल तर काढून तारेच्या ब्रशने आटे साफ करावेत आणि उष्णता सहन करणारे ग्रीस अगदी थोडे लावावे. डाव्या आणि उजव्या चाकांच्या ॲडजस्टरचे आटे बहुधा परस्परविरुद्ध असतात. दोन्ही चाके एकदम उघडून सुटे भाग एकाच डब्यात टाकले, तर ते अदलाबदल होऊन बसतात, आणि मग ॲडजस्टर शू बाहेर ढकलण्याऐवजी आत ओढू लागतो. म्हणून एका वेळी एकच चाक उघडावे. दुसरे चाक नमुना म्हणून उपयोगी पडते.

केबल तपासण्यासाठी ती इक्वलायझरपासून सोडवून आतील तार हाताने पुढे-मागे ओढावी. ती सहज सरकली पाहिजे आणि स्प्रिंगने आपोआप परत गेली पाहिजे. मावसभावाच्या गाडीत उजव्या बाजूची तार तसूभरही हलली नाही. मागील आसाजवळ जेथे केबल वळण घेते, तेथे तिचे आवरण फाटलेले होते आणि आत गंजाचा लालसर चिखल भरला होता. २०२३ च्या डिसेंबरमध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पावसात त्या तळघरात पाणी शिरले होते आणि गाडी दोन दिवस चाकाच्या तुंब्यापर्यंत पाण्यात होती. त्यानंतर इंजिन, आसने, वायरिंग सारे तपासून घेतले गेले. मागील ड्रम आणि केबल कोणी उघडल्या नाहीत. समुद्राजवळच्या दमट, खाऱ्या हवेने उरलेले काम केले. केबलमध्ये तेल सोडून ती काही दिवस सुटते, परंतु फाटलेल्या आवरणातून पाणी पुन्हा आत जाते. अशी केबल बदलणे हाच उपाय आहे, आणि शक्य असल्यास दोन्ही बाजूंच्या केबल एकदम बदलाव्यात.

येथे एका निरीक्षणाचा उल्लेख करण्याचा मोह आवरत नाही. बॅक प्लेटवरील छिद्राला लहानसे रबरी बूच असते; ते हरवले तरी कोणी लक्ष देत नाही. आमच्या एका सर्वेक्षण वाहनात त्या छिद्रातून कुंभारीण माशीने आत मातीचे घरटे बांधलेले मला आढळले होते. गाडी काही आठवडे उभी होती, आणि कोळी भरून ठेवलेल्या त्या सुबक कोठड्या ॲडजस्टरच्या अगदी शेजारी होत्या. शास्त्रज्ञ म्हणून मला आनंद झाला. वाहनाचा चालक म्हणून होऊ नये. ज्या वाटेने ती माशी शिरली, त्याच वाटेने शिवारातील गाळ आणि वाळूही आत जाते.

जुळवणीचा क्रम

दोष दूर झाल्यावर जुळवणी नेहमी चाकाकडून दांड्याकडे करावी. केबल सैल असतानाच ड्रम बसवून ॲडजस्टर इतका फिरवावा की चाक फिरताना लायनरचा अगदी हलका घासल्यासारखा आवाज येईल, परंतु चाक अडणार नाही. दुसऱ्या चाकाचेही तसेच करावे. नंतर पायाचा ब्रेक आठ-दहा वेळा दाबून शू ड्रमच्या मध्यावर बसू द्यावेत आणि चाके पुन्हा फिरवून पाहावीत. गरज वाटल्यास एखादा दात पुढे-मागे करावा. तरफा टेकणीवर पोहोचल्याची खात्री झाली की मगच केबलच्या नटाला हात लावावा आणि केवळ सैलपणा निघेल इतकाच तो आवळावा. दांडा दोन-तीन वेळा पूर्ण ओढून सोडावा, कारण नवी केबल थोडी ताणते. खटके पुस्तिकेनुसार आले, दोन्ही चाके एकाच खटक्याला अडली आणि दांडा सोडल्यावर दोन्ही मोकळी फिरली, म्हणजे काम झाले. शेवटी लॉकनट घट्ट करण्याचे विसरू नये.

चाकांची जुळवणी नीट होऊनही ती वेगवेगळ्या खटक्यांना अडत असतील, तर इक्वलायझरकडे पाहावे. दांडा ओढलेला असताना तो गाडीच्या लांबीला काटकोनात असावा. तो एका बाजूला कलला असेल तर एका बाजूची केबल ताणली गेली आहे किंवा त्या बाजूचे अंतर जास्त आहे. खिळीवरचा चिखल काढून तेथे ग्रीस लावावे. अनेकदा एवढ्यानेच असमानता नाहीशी होते.

नवे शू घातल्यावर काही शे किलोमीटर गाडी चालल्यानंतर जुळवणी पुन्हा तपासावी. चाचणीसाठी मोकळ्या, कोरड्या जागी माणसाच्या चालण्याच्या वेगाने जाताना दांडा हळूहळू ओढावा. गाडी सरळ रेषेत थांबली पाहिजे. वेगात असताना हा प्रयोग मुळीच करू नये, मागील भाग घसरून गाडी गिरकी घेते.

डिस्क आणि विद्युत हँडब्रेक

ज्या गाड्यांच्या मागील चाकांना डिस्क आहेत, त्यांत दोन प्रकार आढळतात. काहींत डिस्कच्या मधल्या भागात हँडब्रेकसाठी स्वतंत्र लहान ड्रम असतो. त्याला वरील विवेचन लागू पडते. इतरांत केबल थेट कॅलिपरवरील तरफ ओढते. तेथेही नियम तोच आहे. आधी पायाचा ब्रेक दाबून पॅड डिस्कजवळ आणावेत, तरफ टेकणीला टेकली आहे हे पाहावे, मग केबल जुळवावी. या प्रकारात आणखी एक धोका संभवतो. घाट उतरून आलेली तापलेली डिस्क थंड होताना आकसते आणि पकड किंचित सैल होते. थांबल्यावर काही मिनिटांनी गाडी आपोआप सरकल्याच्या तक्रारींमागे हे कारण असू शकते. अशा वेळी एक खटका जास्त ओढावा आणि गाडी गिअरमध्येच सोडावी.

बटणाने चालणाऱ्या हँडब्रेकला घरी हात लावू नये. त्याची मोटर संगणकाच्या साहाय्याने मागे घ्यावी लागते. ती न घेता पॅड बदलण्याच्या प्रयत्नात बोटे चेमटण्याची शक्यता असते.

शिवारातील वाहने आणि ट्रॅक्टर

केंद्राची जीप किंवा शेतकऱ्याची पिकअप महिनोन्महिने धूळ, चिखल आणि खतांच्या सान्निध्यात असते. खताच्या पोत्यांतून सांडलेली भुकटी ओल धरते आणि केबलची टोके गंजवते. खत वाहून आणल्यावर गाडीचा तळ साध्या पाण्याने धुण्याची सवय हँडब्रेकचे आयुष्य बरेच वाढवते. ओढा ओलांडल्यावर ब्रेक हलके दाबत थोडे अंतर जावे, म्हणजे ड्रममधील पाणी वाळते. पावसाळ्यात गाडी आठवडा-दोन आठवडे उभी ठेवायची असेल, तर सपाट जागी ती गिअरमध्ये ठेवून चारही बाजूंनी ठोकळे लावावेत आणि हँडब्रेक सोडलेला ठेवावा; अन्यथा लायनर गंजाने ड्रमला चिकटतात आणि सोडवताना त्यांचे पापुद्रे निघतात.

ट्रॅक्टरची गोष्ट थोडी वेगळी आहे. डाव्या आणि उजव्या चाकांचे ब्रेक पेडल स्वतंत्र असतात आणि पार्किंगसाठी पेडल दाबून खटका अडकवावा लागतो. स्वतंत्र हँडब्रेक नसलेल्या ट्रॅक्टरवर पेडलची असमानता म्हणजेच पार्किंग ब्रेकची असमानता. दोन्ही पेडलची मोकळी चाल फूटपट्टीने मोजावी आणि पुस्तिकेत दिल्याप्रमाणे सारखी करावी. नंतर दोन्ही पेडल एकमेकांना जोडून, कोरड्या जमिनीवर अगदी कमी वेगात ब्रेक दाबावा आणि मागील चाकांच्या खुणा पाहाव्यात. जिकडची खूण लांब व ठळक, तिकडचा ब्रेक आधी लागतो. तेलात बुडालेले ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरमध्ये चाल जुळवूनही फरक राहिला, तर आतील भाग उघडण्याचे काम कार्यशाळेत करावे. पेडल अडकवणाऱ्या खटक्याचे दात झिजून गोल झाले आहेत का, हेही पाहावे. इंजिनच्या थरथरीने असा खटका केव्हाही निसटतो, आणि विहिरीच्या थारोळ्याजवळ किंवा शेततळ्याच्या भरावावर पंपासाठी उभा केलेला ट्रॅक्टर तेवढ्याने खाली जाऊ शकतो.

अनेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. भरलेली ट्रॉली उतारावर उभी असेल तर वर केलेला सारा हिशेब काही पटींनी वाढतो आणि तो एकट्या ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येतो. तेथे ठोकळ्याला पर्याय नाही. ठोकळा बाभळीच्या लाकडाचा, पाचरीसारखा तिरका, चाकाच्या रुंदीइतका असावा. गोल दगड ओल्या मातीत सरकतो. ट्रॅक्टर सोडून जाण्यापूर्वी मागचे अवजार जमिनीवर टेकवावे.

गाडी गिअरमध्ये ठेवताना तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स निवडावा. स्वयंचलित गिअरच्या गाडीत आधी पायाचा ब्रेक दाबून हँडब्रेक लावावा आणि मग दांडा पार्किंगवर न्यावा, म्हणजे गाडीचा भार आतील लहान खटक्यावर येत नाही.

चेन्नईहून परतल्यावर मी आमच्या तीनही सर्वेक्षण वाहनांची मागील चाके उचलून घेतली. एकीत डावे चाक चार आणि उजवे आठ खटक्यांना अडत होते. दुसरीचा लायनर एका बाजूला तेलाने भिजलेला निघाला. तिसरीचा हँडब्रेक उत्तम होता. तिचा चालक दर हंगामापूर्वी ड्रम उघडून साफ करतो, हे मला त्या दिवशी कळले. आता वाहन नोंदवहीत किलोमीटर आणि डिझेल यांच्या शेजारी दोन नवे रकाने आखले आहेत, डावे चाक कितव्या खटक्याला अडते आणि उजवे कितव्या. दर तीन महिन्यांनी ते भरले जातात. मावसभावाच्या गाडीची दोन्ही चाके सध्या सहाव्या खटक्याला अडतात, असे त्याने परवाच कळवले. मावशी मात्र अजूनही गाडी उतार चढून रस्त्यावर आल्याशिवाय तीत बसत नाहीत.